नावं सुरू झाली की मी उठते

७ नोव्हेंबर

आज परत तेच! पाऊण तास बसला, दोन कप चहा घेतला, आणि बोलला कशावर — तर खेळातल्या सर्पराजावर. कामाचं विचारलं, "ठीक आहे, बाई." झोप? "ठीक." बहिणीचा फोन? "आला होता." सर्पराजावर मात्र वीस मिनिटं. अडतीस वर्षांचा माणूस!

एकोणीस वर्षांत चौदा जण ह्या मेजाशी बसून गेले. तुरुंगातून मुदतीआधी सुटलेले, महिन्यातून दोन गुरुवारी माझ्याकडे येणारे. चोर, जाळपोळवाले, एक भोंदू पुजारी. काही रडले, काहींनी शिव्या दिल्या. ह्या कुनिहिरोसारखा कोणी नाही. हा दिसायला समोर असतो.

जाताना पिशवी पुढे केली. तो काम करतो त्या खोक्यांच्या कारखान्याशेजारच्या बाजारातली मासळी. परत पाठवली. "मला कोणाकडून काही घेता येत नाही, तुला माहीत आहे." — "हो बाई." पिशवी पोटाशी धरून गेला.

३१ मार्चला त्याची मुदत संपते. तोवर अट मोडली नाही की सुटला. मोडली तर आत — आणि बाहेर काढलेले दिवस धरत नाहीत. उरलेल्या शिक्षेचे सोळा महिने पहिल्यापासून मोजायचे. हे मी प्रत्येक भेटीत सांगते. तो प्रत्येक भेटीत मान हलवतो.

१२ नोव्हेंबर

शिमोजोचा फोन. कुनिहिरोचं प्रकरण सरकारी कचेरीत ह्याच्याकडे आहे. एकोणतीस वर्षांचा, पण तोंड पन्नाशीचं.

"इनागाकीबाई, तो ज्यावर बोलतो त्यावर तुम्हीही बोला की."

"मी चाळीस वर्षं औषधं दिली, शिमोजो. सर्पांच्या राजाशी माझा काय संबंध?"

"मग लावून घ्या संबंध."

आगाऊ कुठला! पण चूक नाही.

२१ नोव्हेंबर

कुनिहिरोने यंत्र आणलं. टीव्हीला जोडून दिलं, आणि खेळ. ‘सात बंदरांची गाथा’. सात भाग, प्रत्येकात एक बंदर आणि एक खलनायक. शिमोजोला विचारून "उसनं घेतलं" असं लेखी केलं, तारीख घातली, दोघांच्या सह्या. कुनिहिरोने सही करताना तोंड दाबून धरलं होतं. हसू असावं.

भाग मोजले, सहाच भरले. "सहावा?"

"पुराव्यात गेला."

मी पुढे विचारलं नाही. कागदपत्रं वाचलेली आहेत. तेरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतली रात्र. बंदराच्या धक्क्यावर सेता नावाच्या मित्राशी भांडण. ह्याने ढकललं. तो खाली सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांमध्ये पडला, पाय अडकला, पहाटेपर्यंत जिवंत होता असं डॉक्टरांनी सांगितलं. हा घरी गेला आणि खेळत बसला. कोर्टात म्हणाला, वाटलं चढून आला असेल.

सातवा भाग सुटल्यावर घेतलाय. म्हणाला, "त्यात पहिल्या कप्प्यात माझी नोंद आहे. तुम्ही दुसऱ्यात खेळा."

"तू पूर्ण केलास?"

"मी शेवट बघत नाही, बाई. आता नाही बघत. भिंतीपाशी थांबलोय."

किल्ल्याची भिंत असेल. शेवटी किल्ला असतोच म्हणे.

"मग मी कशाला खेळू?"

"सात जण आहेत. कोणाला सोडायचं, कोणाला नाही — मला ठरवता येत नाही. तुम्हाला येईल."

२ डिसेंबर

पहिला भाग संपला. अंगठे सुजलेत. दुपारी कोतात्सूत, त्या शेगडीच्या मेजाखाली, पाय घालून बसायचं आणि बटणं दाबायची — हाच माझा दिवस झालाय. शेजारीण आली की टीव्हीवर टॉवेल टाकते. तिला सांगायचं काय? कोण येतो, का येतो, काहीच सांगता येत नाही.

सर्पराजा: बंदर जाळतो. का? दुष्ट म्हणून. शेवटी मरतो, लग्न होतं, आतषबाजी. बालिश. पण स्वच्छ. सर्पराजाला सोडायचा प्रश्नच येत नाही, त्याला कारणच नाही.

नावं सुरू झाली तशी बंद केलं. हे असते तर शेवटच्या नावापर्यंत बसले असते. सिनेमाला गेलो की दिवे लागायच्या आत मी कोट चढवून दाराशी, आणि हे खुर्चीत. कोणी प्रकाशयोजना केली, कोणी गाड्या चालवल्या, सगळं वाचत. "एवढ्या लोकांनी केलंय, वाचून तरी घेऊ." मी म्हणायची, गोष्ट संपली, चला. हे म्हणायचे, तुझी संपली.

५ डिसेंबर

आज पाऊण तासाचा दीड तास झाला.

दुसऱ्या भागात एक वैद्य आहे. साथ येते, माणसं पटापट मरतात, म्हणून तो विहिरीत झोपेचं औषध टाकतो. झोपलेल्याला रोग लागत नाही म्हणे. सगळं बंदर झोपतं. लेकरं झोपेतच वाढतात. मी चिडलेच!

"विहीर केवढी? पाणी किती? औषध किती टाकलं?"

"ते सांगत नाहीत, बाई."

"सांगत नाहीत म्हणजे? म्हाताऱ्यांना आणि पोरांना एकच मात्रा? हा वैद्य कसला! ह्याचा परवाना आधी काढून घ्या, मग तलवारीचं बघू."

तो हसला. खरंच हसला — दात दिसले. एक दात नाहीये.

"पण हेतू चांगला होता त्याचा."

"हेतूने मात्रा ठरत नाही."

"मग सोडणार नाही?"

"सोडीन. पण औषधाच्या कपाटाची किल्ली देणार नाही."

त्याने खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. मला वाटलं, चला, माणूस बोलायला लागला. महिन्याच्या अहवालात लिहिलं — ‘संवादात सुधारणा’.

११ डिसेंबर

समुद्रावर ढगांचा गडगडाट. आता हाताहाता, तो थंडीतला मासा, किनाऱ्याला येईल. गुडघे दुखतात.

१९ डिसेंबर

तिसरा: जुळा राजपुत्र. बापाने दुसऱ्यावर जास्त माया केली म्हणून चार बंदरं जाळली. शेवटी भाऊ येतो, दोन वाक्यं बोलतो, हा रडतो, झालं — माफ! जी माणसं जळाली त्यांना विचारलं का कोणी? मी रिमोट आपटला. (रिमोट नव्हे, काय म्हणतात ते.)

चौथ्यातला कोण होता ते आत्ताच आठवत नाही.

पाचव्याने मात्र गप्प केलं. राणी वीस वर्षं लढतेय, शत्रूच्या ताब्यातला मुलगा सोडवायला. गावंच्या गावं उजाड. शेवटी नायक तिच्यासमोर जातो तेव्हा लढाई नाहीच. नुसतं सांगायचं असतं. मुलगा पहिल्याच दिवशी मेला होता, सेनापतींनी लपवलं. ती पायरीवर बसते. मुकुट काढून शेजारी ठेवते, चष्मा ठेवावा तसा. संपलं.

कुनिहिरोने विचारलं, "राणीला सोडाल?"

"सोडीन."

"जुळ्याला?"

"नाही."

"माणसं तर राणीने जास्त मारली."

"राणीला माहीत नव्हतं. जुळ्याला माहीत होतं."

तो कपात बघत राहिला. "म्हणजे माहीत असणं, एवढाच फरक?"

"एवढाच. आणि तो पुरेसा आहे."

मला असं पटकन बोलता येतं. चाळीस वर्षं गल्ल्यापलीकडून लोकांना सांगत आले: हे जेवणाआधी, हे नंतर, हे बंद करा. लोकांना आवडायचंही. ठामपणा आवडतो आजाऱ्याला.

३१ डिसेंबर

देवळात घंटेचे एकशे आठ टोले पडतील. हे मोजायचे, मोठ्याने. मी ऐकणार नाही, झोपणार. सातवा सुरू केलाय.

९ जानेवारी

लिहू की नको, असं आज पहिल्यांदा वाटलं.

कुनिहिरो वेळेवर आला. नवीन वर्षाचं वाकून झालं. मी मॉचीचं, भाताच्या वड्यांचं, सार पुढे ठेवलं, त्याने दोनच घास घेतले. म्हणाला, "सहा फेब्रुवारी गुरुवारी येतोय. आपल्या भेटीचा दिवस."

सहा फेब्रुवारी म्हणजे सेताचा दिवस. मी म्हटलं, "हो. इथेच उदबत्ती लावू, तुला हवी तर."

"कोर्टात मला विचारलं होतं, पडला तेव्हा काही आवाज आला का. मी नाही म्हटलं."

"वाचलंय मी."

"ते खरं होतं, बाई. पडला तेव्हा नाही आला. मी पन्नास-साठ पावलं गेलो, तेव्हा आला."

मी किटली खाली ठेवली.

"हाक मारत होता. आडनावाने नाही — शाळेत मारायचा तशी, अर्ध्या नावाने. मी उभा राहिलो. आधी तो मला म्हणाला होता, आईच्या जिवावर खेळत बसणारा. म्हटलं, ओरड. ओरड अजून थोडा. मग घरी गेलो. सहावा लावला. घरापर्यंत काय आवाज येणार, दीड किलोमीटर! तरी मी टीव्हीचा आवाज मोठा केला."

बाहेर बर्फ पडत होता. छपरावरून एक ढीग घसरला, आम्ही दोघंही दचकलो.

"तू कोणाला सांगितलंयस हे?"

"नाही. सेताच्या आईला सांगावं म्हणतो. तिला वाटतं तो पडल्या पडल्या बेशुद्ध झाला. तसं कोर्टात ठरलं. सहा तारखेला जाऊन—"

"त्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. अट आहे. ३१ मार्चनंतर काय ते."

"हो."

"आणि सांगून तिला काय मिळणार? तुझं ओझं तिच्या डोक्यावर! तेरा वर्षं ती एका गोष्टीवर झोपतेय."

"हो बाई." मग, उठता उठता, "सातवा कुठवर आला?"

"धुकं पडायला लागलंय."

"पूर्ण करा. मग सांगा, त्या रखवालदाराचं काय करायचं."

अहवालात काय लिहिलं? ‘प्रकृती ठीक. कामावर नियमित.’ एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी अहवालात गाळलं. खटल्याचा निकाल कधीच लागलाय, कायद्याने ह्यात आता काही उरत नाही. पण म्हणून नाही गाळलं. मला ते दुसऱ्यांदा लिहायचं नव्हतं.

१४ जानेवारी

खेळले नाही. कॉडचं कालवण केलं, डोक्यासकट. खाल्लं नाही.

१८ जानेवारी

सातवा संपला. आता कळलं त्याने मला हे सगळं का खेळायला लावलं.

सातव्या बंदरात धुकं फार. मनोऱ्यात एक घंटा आणि एक रखवालदार. धुकं पडलं की त्याने घंटा वाजवायची, आवाजाच्या रोखाने होड्या परत येतात. गावाशी त्याचं बिनसतं. गावाने त्याची टर उडवलेली असते, बस एवढंच. एका धुक्यात बारा होड्या बाहेर असतात. माणसं हाका मारतात. तो घंटा वाजवत नाही. कानांवर हात ठेवून बसतो. बारा होड्या खडकांवर.

सर्पराजा नाही, शाप नाही, सैन्य नाही. सगळ्या खलनायकांत ह्याच्याजवळ काहीच नाही. दोन कान आणि दोन हात.

नायक मनोऱ्यापर्यंत पोचतो तेव्हा तो लढत नाही. आपणहून आत जातो. गाव दार विटांनी बंद करतं. शेवटची वीट बसते. पडदा काळा, नावं सुरू.

मी बंद केलं. बरोबर केलं गावाने. इतके भाग करून ह्या लोकांनी पहिल्यांदा शेवट नीट केलाय. ना रडारड, ना मिठ्या. भिंत.

२३ जानेवारी

आज सांगितलं त्याला. लिहून ठेवते, जसं झालं तसं, कारण मी वावगं काही बोलले असं मला वाटत नाही.

कोट काढायच्या आधीच विचारलं त्याने. "झाला पूर्ण?"

"झाला."

"काय झालं त्याचं?"

"आत गेला. गावाने दार चिणलं."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. नावं सुरू झाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. पोरं परीक्षेत शेजारच्याच्या पेपरकडे बघतात तसं, काहीतरी दिसेल म्हणून. मग म्हणाला, "तुम्हाला कसा वाटला शेवट?"

मी घुटमळले नाही. खोटं सांगता आलं असतं. ‘खेळच आहे तो’ म्हणता आलं असतं. पण तो मला खेळाबद्दल विचारत नव्हता, आणि मीही खेळाबद्दल सांगितलं नाही.

"योग्य. खेळले त्या सहांत सगळ्यात योग्य."

"राणीला सोडलंत तुम्ही."

"राणीने हाक ऐकून कान झाकले नव्हते."

"वैद्याला सोडलंत."

"कुनिहिरो, तू विचारलंस म्हणून सांगते. ज्याने ऐकलं आणि ऐकूनही वाजवली नाही, त्याला कोणी बाहेरून सोडवू शकत नाही. आत बसावं त्याने."

"बरोबर आहे, बाई."

ते त्याने वहीत लिहून नाही घेतलं. चहा संपवला, कप धुऊन पालथा ठेवला. तसं करायची गरज नसते, आजवर कोणी केलं नव्हतं. दाराशी फार खाली वाकला.

३० जानेवारी

थंडी. कारखान्यातून फोन — कुनिहिरो काम चोख करतोय, सुट्टीचा दिवसही मागत नाही. छान.

६ फेब्रुवारी

दोन वाजता यायचा. उदबत्ती आणून ठेवली होती. अडीच. तीन. चौदा महिन्यांत एकदाही उशीर केलेला नाही त्याने. चहा दोनदा ओतून टाकला.

चार वाजता शिमोजोला फोन केला. उचलला नाही.

७ फेब्रुवारी

सेतांच्या गल्लीत गेला होता. सकाळी आठपासून घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, बर्फात उभा. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. शेजाऱ्यांनी दुपारी पोलिसांना बोलावलं. शिमोजो म्हणाला, त्याने पोलिसांना आपलं नाव, अट, कलम सगळं स्वतःच सांगितलं. "मुद्दाम आलोय. लिहून घ्या." आणि म्हणाला, "बाईंनी मना केलं होतं, त्यांचा दोष नाही."

सुटका रद्द होणार. सोळा महिने, पहिल्यापासून. फक्त त्रेपन्न दिवस राहिले होते!

सेताच्या आईने दार उघडलं नाही. पोलिसांना बोलावलंही नाही. तीन वाजता, उजेड असताना, तिने दारावरचा दिवा लावला म्हणे. का, ते कोणी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी

शिमोजो आला होता. कागद घेऊन, माझ्या सह्यांसाठी. मी त्याला सगळं सांगितलं. ९ जानेवारीचं, अहवालात गाळलेलं. आणि २३ जानेवारीचं, शब्दाला शब्द.

"तुम्ही खेळाबद्दल बोललात, इनागाकीबाई."

"मी शिक्षा सुनावली, शिमोजो. समजूत काढू नका, मला ती आवडत नाही."

तो टीव्हीखालच्या यंत्राकडे बघून म्हणाला, "सातवा मीही खेळलोय. गेल्या वर्षी. शेवटी रडलो होतो, सांगायला हरकत नाही. त्या विटा काढताना."

"कसल्या विटा?"

"नावांनंतर हो. मनोऱ्यासमोर."

"नावांनंतर काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला कळलं. मलाही कळलं, पण त्याला आधी.

"तुम्ही... बंद केलंत?"

"नावं सुरू झाली की मी उठते."

"अहो बाई," तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत बसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

११ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. सकाळी नऊला बसले. शेवटच्या मनोऱ्याआधीची नोंद उघडली, परत वर चढले, परत तो आत गेला, परत भिंत.

नावं अकरा मिनिटं चालतात. मी सगळी वाचली. कोणी धुकं काढलं, कोणी घंटेचा आवाज केला, एकाने फक्त पाण्याचे आवाज केलेत. मग काळं. मग अचानक परत मनोरा, बर्फ, भिंत, आणि भिंतीसमोर नायक उभा. कुठेही काही लिहून येत नाही. हे कर, ते कर, काही नाही. न करता बसलं तर काहीही होत नाही. बर्फ पडत राहतो. मी पाच मिनिटं नुसती बसले, मग बटण दाबलं. एक वीट निघाली. नायकाने ती खाली ठेवली.

एकशे आठ विटा. मी मोठ्याने मोजल्या.

आत तो बसलेला. कानांवर हात तसेच. उजेड पडला तसा त्याने एक हात काढला. म्हणाला, "कोण आहे?" — आणि संपलं. खरंच संपलं. माफी नाही. मिठी नाही. नायक उत्तरही देत नाही. नुसतं, कोण आहे?

मी त्याला सांगितलं होतं, पुढे काही नाही.

१३ फेब्रुवारी

राजीनामा लिहिला. फाडला. कोणापासून सुटका करून घेतेय?

२० फेब्रुवारी

भेट मिळाली. काच मधे, पंधरा मिनिटं, शेजारी लिहून घेणारा. कुनिहिरोचे केस कापलेत. हाताची बोटं बर्फाने फुटली होती, मलम लावलेलं होतं. बरं मलम नव्हतं.

मी आडवळण घेतलं नाही. "नावांनंतर आहे पुढे. मला बघायचं नव्हतं, असं नाही. मी उठले. ती माझी खोड आहे. माझं चुकलं."

त्याने मान हलवली. "मला वाटलंच होतं तुम्ही उठला असाल."

"वाटलं होतं? मग त्या दिवशी सांगायचं नाहीस? थांबा म्हणायचं! परत जा म्हणायचं!"

"सांगून काढलेल्या विटा कशाला, बाई?"

लिहिणाऱ्याने पेन थांबवून वर पाहिलं.

"तू तिथेच थांबला होतास ना? भिंतीपाशी म्हणजे त्या भिंतीपाशी."

"हो."

"मग तू का नाही काढल्यास? बटण दाबायचं फक्त."

तो हसला. डिसेंबरात हसला होता तसा नाही. "ते बटण माझं नाही."

"म्हणजे?"

वेळ संपत आली. मी विचारलं, "तुझा कप्पा मी उघडू का?" दुसऱ्याचं पत्र मी कधी उघडलं नाही, ह्यांचंही नाही.

"उघडा." मग, "यंत्र राहू दे तुमच्याकडे. उसनं. लेखी आहे."

येताना मुद्दाम सेतांच्या गल्लीवरून आले. टोकावर उभी राहिले. मलाही आत जायची परवानगी नाही, अशा प्रकरणात नसते. दिवसाउजेडी दारावरचा दिवा लागलेला होता.

२१ फेब्रुवारी

दुपारी पहिला कप्पा उघडला. आधी तास दिसतात: माझे अठ्ठावन्न होते, त्याचे दोनशे अकरा. बाकीचे सगळे इथेच, ह्या भिंतीसमोर, बर्फ बघत. एकही वीट काढलेली नाही.

नायकाला नाव आपण द्यायचं असतं. मी माझं दिलं होतं. त्याने ‘सेता’ दिलंय.

बटण अंगठ्याखाली आहे. दाबलेलं नाही. उठलेही नाही.